दोन छेद पाच

ब्रिनलेखच्या शाळेत एमिर प्रिदर्ख सरांचा सहावीचा वर्ग नाताळच्या सुट्टीनंतर अपूर्णांकांच्या बेरजेपाशी अडकला, आणि फेब्रुवारी सरत आला तरी तिथून हलेना.

मुख्याध्यापिका नेरिसच्या कानावर ही गोष्ट पहिल्यांदा डेलिथने घातली. डेलिथचं खाणीच्या रस्त्यावर केस कापायचं दुकान होतं. गावातली निम्मी डोकी तिच्या हाताखालून जात, त्यामुळे डेलिथला कळलं म्हणजे गावाला कळलं. तिचा गेथिन सरांच्याच वर्गात होता.

"नेरिस, रागावू नकोस हं," डेलिथ नेरिसच्या मानेवरचे केस झटकत म्हणाली. "प्रिदर्ख सरांविषयी मी वाईट बोलणार नाही. मलाही त्यांनीच शिकवलंय. पण आमचा गेथिन महिनाभर झाला, तीच एक बेरीज करतोय."

"कोणती?"

"अर्धा आणि एक तृतीयांश. मी त्याला म्हटलं, अरे, त्या दोघांचं एव्हाना लग्न होऊन पोरंही झाली असतील, तुमचं काय चाललंय?"

नेरिस हसली. पण शाळेकडे परत जाताना तिचं हसू मावळलं. सर असे अडकणाऱ्यांतले नव्हते. आणि अडकले तर त्यामागे कारण असणार.

सरांची शिकवण्याची रीत सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होती. प्रत्येक पोरापुढे एक छोटी पांढरी पाटी. सर प्रश्न विचारत, पोरं उत्तर लिहून पाटी छातीशी धरत, आणि सर म्हणाले "उचला!" की वर्गभर पाट्या एकदम वर. सर त्यांवरून एकदा नजर फिरवत. कोणाला समजलं, कोणाला नाही, कोण शेजाऱ्याचं बघून लिहितोय, सगळं त्यांना त्या एका नजरेत दिसायचं. समजलं असेल तर धडा पुढे. नसेल तर सर म्हणत, "चूक तुमची नाही, माझी. मी नीट सांगितलं नाही. पुन्हा." परीक्षा घ्यायची ती पोरांची नाही, आपल्या शिकवण्याची, असं ते नव्या शिक्षकांना सांगत.

नेरिस स्वतः त्या वर्गात बसलेली होती. तेव्हा प्लास्टिकच्या पाट्या नव्हत्या. सरांनी प्लायवूडचे चौकोन काळ्या रंगाने रंगवून आणले होते. एकदा तिने पाटीवर अर्धा अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन छेद पाच असं ठोकून दिलं होतं. वरच्यात वरचं मिळवलं, खालच्यात खालचं. दुसऱ्या दिवशी सरांनी घरून मनुकांचा पाव आणला, निम्मा कापून तिच्यापुढे ठेवला, वर आणखी एक जाड तुकडा ठेवला, आणि म्हणाले, "अर्ध्यात भर घातली आणि अर्ध्याहून कमी झालं? असा वाढला की घटणारा पाव मला नको गं बाई." सगळा वर्ग हसला होता, आणि पाव सगळ्यांनी खाल्ला होता.

नेरिस त्या मंगळवारी वर्गात मागे जाऊन बसली. "सर, मी जरा ऐकते."

"ऐक की! बघ तुला काही सुचलं तर. मी तर हरलोय."

सर सुंदर शिकवत होते. कागदाच्या पट्ट्या, घड्या, रंग. निम्म्याचे तीन भाग, तृतीयांशाचे दोन भाग, सगळे एकाच मापाचे तुकडे झाले की मग मोजा. पाच तुकडे. सहातले पाच. कुठे अडखळणं नाही, की चूक नाही. नेरिसला वाटलं, दगडालाही समजेल.

"लिहा. अर्धा अधिक एक तृतीयांश."

पोरांनी लगेच लिहिलं नाही. आधी सगळ्यांच्या माना पहिल्या बाकाकडे वळल्या. तिथे मॅबली बसली होती, बस चालवणाऱ्या ह्यूची मुलगी. मॅबलीने एकदा मागे वळून नेरिसकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं, मग केसांची बट कानामागे सारली आणि लिहू लागली.

"उचला!"

वर्गभर एकच उत्तर. दोन छेद पाच.

सरांचा चेहरा पडला. त्यांनी हातातली पट्टी टेबलावर ठेवली, चष्मा काढून डोळे चोळले. "चूक तुमची नाही," ते म्हणाले, "माझी आहे. उद्या पुन्हा करू."

नेरिसने पुन्हा एकेक पाटी पाहिली. चुकांनाही चेहरे असतात, हे सरांनीच तिला शिकवलं होतं. एक पोर एक छेद पाच लिहील, एक पोर दोन छेद सहा, कोणी घाबरून कोरीच पाटी धरील, कोणी मांजर काढील. सगळ्या वर्गाची चूक अशी छापल्यासारखी सारखी असत नाही.

जेवणानंतर तिने पाचसहा पोरांना ग्रंथालयात बोलावलं. निमित्त पुस्तकं लावायचं. पुस्तकं जराशी लावून झाल्यावर तिने सहज कागद पुढे केले. "ही बेरीज करा बघू."

पाच छेद सहा. सगळ्यांचं. तिने याहून अवघड घातली, तीही बरोबर. गेथिनने तर खाली चित्र काढून दाखवलं.

"मग सकाळी काय झालं होतं?"

गेथिन मॅबलीकडे बघायला लागला. मॅबली एका पुस्तकाची कड नखाने उचकटत होती.

"सांगू का?" ती गेथिनला म्हणाली.

"सांग आता. मिसना कळलंच आहे."

"मिस, सुट्टी संपल्यावर सरांनी ही बेरीज पहिल्यांदा घातली ना, तेव्हा आम्ही बरोबरच लिहिलं होतं," मॅबली म्हणाली. "सर म्हणाले चूक. आणि फळ्यावर दोन छेद पाच लिहिलं. मग गेथिन म्हणाला, सर, ते तर अर्ध्याहून कमी झालं."

"मी उद्धटपणे नाही म्हटलं हं, मिस," गेथिन घाईघाईने म्हणाला.

"नाही, चांगलंच म्हणाला. मग सर फळ्याकडे बघतच राहिले. खूप वेळ. मग मला म्हणाले, नेरिस कुठे आहे? आज आली नाही का ती?"

नेरिसने हातातले कागद खाली ठेवले.

"आम्हाला वाटलं तुम्हालाच बोलवायचंय, म्हणून मी म्हटलं, मिस ऑफिसात आहेत. तर म्हणाले, ऑफिसात? काय खोडी केली तिने? आणि मग त्यांनाच काहीतरी कळलं. ते कोटांच्या खोलीत गेले. मी बघायला गेले तर आमच्या कोटांमध्ये तोंड खुपसून उभे होते. खांदे हलत होते त्यांचे."

"मग आम्ही ठरवलं," गेथिन म्हणाला.

ठरवलं ते असं. ज्या दिवशी सर 'तसे' असतील त्या दिवशी दोन छेद पाच लिहायचं. ज्या दिवशी बरे असतील त्या दिवशी खरं. कोणता दिवस कसा हे मॅबली खुणेने सांगणार, बट कानामागे सारली की दोन छेद पाच. सर तिच्या अगदी समोर उभे राहतात, तिला दिसतं. शर्टाच्या गुंड्या वरखाली लागलेल्या असतात, हजेरी घेताना भलतीच नावं येतात, हातातला खडू हातात ठेवून खडू शोधतात. पण मॅबलीचाही अंदाज कधी चुकायचा. आणि चुकला की बऱ्या दिवशी सरांना वर्गभर चुकीच्या पाट्या दिसायच्या.

"पण आज तर सर बरे होते," नेरिस म्हणाली.

"हो. पण तुम्ही आलात ना," मॅबली म्हणाली. "मध्येच त्यांचं बिनसलं असतं तर? सर चुकीच्याला बरोबर म्हणाले असते, तर निदान आमचं सगळ्यांचंच तसं असतं. एकट्या सरांचं चुकलं असं नसतं झालं."

"घरी कोणाला सांगितलंत?"

"नाही," गेथिन म्हणाला. "माझ्या आईला सांगितलं म्हणजे झालंच. सरांना काढतील मग." तो थांबला. "मिस, तुम्ही काढाल का?"

सगळे तिच्याकडे बघत होते. नेरिसला रागवायचं होतं, शाबासकी द्यायची होती, जवळ घ्यायचं होतं, आणि यातलं काहीच करणं बरोबर वाटेना. "जा, जेवून घ्या," ती म्हणाली. पोरं मघाशीच जेवली होती. तरी निमूट उठून गेली.

शनिवारी ती सरांच्या घरी गेली. अ‍ॅनेस आंटींनी, सरांच्या पत्नीने, दार उघडलं, तिचं तोंड पाहिलं, आणि न विचारताच तिला स्वयंपाकघरात नेऊन दार मागे लोटून घेतलं.

"कळलं ना तुला," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?"

"उन्हाळ्यापासून. चहाची किटली कपाटात ठेवायला लागला. डॉक्टरांनी एकदा पाहिलंय, मोठ्या इस्पितळाची तारीख लागायची आहे. त्याला सांगितलं तर म्हणतो, वय झालं, विसरायला होतं, तुला नाही का होत?" आंटी टेबलाशी बसल्या. टेबलभर न्याहारीच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचे गोल पसरले होते, कापलेले, निमे, तिसऱ्या हिश्श्याचे. "जुलैपर्यंत निभावून ने गं नेरिस. जुलैत तो निवृत्तच होतोय. मानाने बाहेर पडू दे."

"आंटी, पोरांचं वर्ष..."

"मला काय ते कळत नाही? मीही शिकवलंय." त्यांनी एक पुठ्ठ्याचा तुकडा उचलून खाली ठेवला. "विसरण्याचं त्याला एवढं दुःख नाही. त्याला खातंय ते वेगळंच. घरी आला की एकच घोर. अ‍ॅनेस, मला शिकवता येईनासं झालंय, पोरांना माझं काही म्हणजे काही समजत नाही. आयुष्यभर जे एक येत होतं तेच गेलं. असं म्हणतो आणि हे कापत बसतो."

नेरिसच्या जिभेवर आलेलं वाक्य तिथेच राहिलं. पोरांना सगळं समजलंय, पहिल्या दिवसापासून समजलंय. एवढं एक वाक्य, आणि सरांच्या छातीवरचा धोंडा उतरला असता. पण ते वाक्य ओढलं की त्याच्या शेपटाला बांधलेलं दुसरं वाक्य येणार होतंच, की मग पोरं चुकीचं का लिहितात. इकडे आड, तिकडे विहीर.

तेवढ्यात मागल्या दाराने सर आत आले. अंगावर लाकडाचा भुसा. "अगं, नेरिस! बरी आलीस. हे बघ, पुठ्ठ्याने होत नाही म्हणून आता लाकडाचे केलेत. हातात धरायला वजन हवं. वजन असलं की समजतं." त्यांनी अर्ध्या गोलाचा तुकडा तिच्या हातात ठेवला. कडा घासून घासून रेशमासारख्या केल्या होत्या.

"सर," ती म्हणाली. आंटी तिच्याकडे बघत होत्या.

"काय गं?"

"छान झालेत, सर."

तिने ठरवलं ते एवढंच, की आता रोज गणिताच्या तासाला आपण वर्गात बसायचं, मदतीच्या नावाने. पोरांना तिने मैदानात गाठून सांगितलं, की यापुढे मनात येईल तेच उत्तर लिहायचं. खरं वाटेल ते.

"आणि सरांना वाईट वाटलं तर?" मॅबलीने विचारलं.

"तर मी आहे ना."

म्हणाली खरी, पण आपण असून काय करणार, हे तिलाच ठाऊक नव्हतं.

सोमवार चांगला गेला. पाट्या वर झाल्या, सरांनी नजर फिरवली आणि त्यांचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. वर्गभर पाच छेद सहा. "अरे!" ते ओरडले. "अरे, शिकलात की रे!" त्यांनी टेबलावर थाप मारली, लाकडी गोल एकेकाच्या हातात दिले, कुरवाळा म्हणाले. लाकडामुळे समजलं, वजनामुळे समजलं, असं ते नेरिसला दोनदा म्हणाले. त्या संध्याकाळी ते फाटकातून शीळ घालत बाहेर पडले. नेरिसला वाटलं, निभलं. जुलै काही फार लांब नाही.

मंगळवार, बुधवार तसेच गेले. गुरुवारी सर हजेरी घ्यायला उभे राहिले आणि त्यांनी पहिलं नाव घेतलं ते डेलिथचं. गेथिनने "हजर" म्हटलं. नेरिस मागे बसली होती. मॅबलीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. नेरिसने किंचित मान हलवली. खरं तेच लिहा.

सरांनी तीच बेरीज पुन्हा घातली.

"उचला!"

पाच छेद सहा. पाच छेद सहा. सगळीकडे.

सर बघत राहिले. "चूक तुमची नाही," ते सवयीने म्हणाले, आणि वळून फळ्यावर मोठ्या अक्षरांत दोन छेद पाच लिहिलं. मग पाट्यांकडे पाहिलं. मग फळ्याकडे. टेबलावरून त्यांनी लाकडाचा अर्धा तुकडा उचलला, त्याला तृतीयांशाचा तुकडा लावला. दोन्ही मिळून अर्ध्याच्या बरेच पुढे गेले होते.

"नेरिस," ते म्हणाले. या वेळी ते मागच्या बाकाकडे, तिच्याकडेच बघत होते. "खरं कोणतं गं?"

नेरिस उठून उभी राहिली. तिला बोलायचं होतं. पण पोरं तिच्याआधीच हलली. गेथिनने पाटी खाली घेतली, बाहीने खसाखस पुसली. शेजारच्याने पुसली. मग सगळा वर्ग, बाह्यांचा तेवढा आवाज, पेनांची कुरकुर, आणि एकेक पाटी पुन्हा वर यायला लागली. दोन छेद पाच. दोन छेद पाच. मॅबलीची सगळ्यांत शेवटी आली.

सर ते सगळं बघत होते. त्यांच्या डोळ्यांदेखत उत्तरं बदलली होती. आणि नेरिसला दिसलं, की नेमकं याच क्षणी त्यांचं डोकं स्वच्छ झालं होतं. आणखी अर्धा तास धुक्यात राहिले असते तर काय बिघडलं असतं, असं तिच्या मनात आलं.

"म्हणजे तुम्हाला येत होतं," सर हळूच म्हणाले.

गेथिनने पाटी बाकावर पालथी ठेवली.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून, सर," मॅबली म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "तुम्ही छान शिकवलं होतं."

सरांनी मान डोलावली. लाकडाचे दोन्ही तुकडे जपून टेबलावर ठेवले, फळा स्वच्छ पुसला, आणि खुंटीवरचा कोट काढून बाहेर पडले. नेरिस दारापर्यंत धावली. मागे सगळा वर्ग हुंदके देत होता, गेथिन "माझ्यामुळे झालं, मी आधी पुसली" म्हणत बाकावर डोकं आपटत होता. पुढे भुरभुर पावसात सर फाटकातून बाहेर पडत होते, छत्री न घेता. वर्ग टाकून जाता येईना, सरांना तसं जाऊ देववेना. ती उंबरठ्यावर उभी राहिली आणि तिथूनच तिने अ‍ॅनेस आंटींना फोन लावला.

सर पुन्हा शाळेत आले नाहीत. निरोप समारंभ नको म्हणाले. डेलिथने गावभर वर्गणी काढून एक आरामखुर्ची घेतली, ती तिने आणि ह्यूने बसमध्ये घालून सरांच्या घरी पोचती केली. त्या दिवशी डेलिथ दुकानात कोणाशीच बोलली नाही म्हणतात.

वर्ग नेरिसने स्वतःकडे घेतला. गाडी पुढे सरकली, दशांश झाले, टक्केवारी झाली. मे महिन्यात सरकारी चाचणी झाली, तिच्यात पोरांनी अपूर्णांकांचे झाडून सगळे प्रश्न बरोबर सोडवले. पाट्या मात्र तिला लवकरच बंद कराव्या लागल्या. "उचला" म्हटलं की पोरं आधी तिच्या तोंडाकडे बघत. तिने पाठ फिरवून पाहिलं, डोळे मिटून पाहिलं. पाट्या वर यायच्या, पण एकेक करत, चाचपत. रागावून सुटणारी गाठ नव्हती ती, आणि समजावून सांगायला गेलं की पोरं समजूतदारपणे मान हलवत, तिला बरं वाटावं म्हणून.

जूनमध्ये ती चाचणीचे पेपर घेऊन सरांकडे गेली. आंटी म्हणाल्या होत्या, सकाळी ये, सकाळी बरा असतो. सर आरामखुर्चीत बसले होते. त्यांनी तिला लगेच ओळखलं, शाळेच्या छपराची चौकशी केली, आणि मग विचारलं, "पोरांना जमलं का गं शेवटी?"

"जमलं, सर. सगळ्यांना. तुमच्याच शिकवण्याने. हे बघा, मी पेपर आणलेत."

सरांनी चष्मा लावला. एकेक पेपर पाहिला, पूर्वीसारखा, बोटाने ओळ धरून. गेथिनच्या पेपरापाशी जरा थांबले. मग सगळे नीट जुळवून तिच्या हातात परत दिले.

"गुणी पोरं आहेत," ते म्हणाले. "मला वाईट वाटू नये म्हणून काहीही लिहितात."

"नाही सर, हे खरंच..."

"असू दे गं." त्यांनी तिच्या हातावर थोपटलं. "तूही तशीच आहेस."

आंटींनी चहा आणला. नेरिसने कप हातात घेतला. आणखी काय दाखवलं असतं म्हणजे त्यांना पटलं असतं, हे तिला सुचेना. सरांनी खिडकीबाहेर पाहत यंदा उन्हाळा लवकर आला असं म्हटलं, आणि ती हो म्हणाली.